घरच्या घरी हायलाइट्स: मेंदीवाले केस चालतील का?

टेकडीवाली | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मंडळी, डोक्यात एक खूळ शिरलंय आणि ते डोक्यावरच करायचं आहे.

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. कानशिलापाशी आणि भांगात पांढरे केस डोकवायला लागलेत. सरसकट डाय करायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात भांगात जी पांढरी रेघ उमटते, ती आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर बघते. मैत्रीण म्हणाली, हायलाइट्स कर, म्हणजे मधल्या मधल्या काही बटाच उजळ करायच्या, पांढरे त्यात मिसळून जातात. पार्लरमध्ये विचारलं तर वेणी सोडायला लावून, लांबी बघून साडेसात हजार म्हणाले, वर 'ट्रीटमेंट वेगळी'. कर्वे रोडवरून चालत घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की हे आपण घरीच करायचं.

माहिती: वय ४१, केस काळेभोर, जाड, खांद्याखाली वीतभर. डाय आयुष्यात कधी नाही. मेंदी मात्र वर्षानुवर्षं, आईच्या हातची, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली, काथ घालून. दोन वर्षांपूर्वी कंटाळून बंद केली.

जांभळा शाम्पू आधीच आणून ठेवलाय. बाकी काय काय लागेल? घरी कुणी केलंय का?

---

ताकभात | ८ नोव्हेंबर, रात्री १०:३२

वाचतेय. मलाही करायचंय. फोटो टाक हं.

---

शंकासुर | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

म्हणजे पांढरे केस दिसू नयेत म्हणून काळे केस पांढरे करायचे?

---

निळी_शाई | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०४

काका, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच तुम्ही झोपा.

टेकडीवाली, मी कॉलेजात असताना टोपीवाले हायलाइट्स केले होते. भोकं असलेली प्लास्टिकची टोपी डोक्यावर चढवायची आणि क्रोशाच्या सुईने एकेक बट बाहेर ओढायची. आजीची सुई वापरली होती. अर्ध्या तासाने मी आणि बहीण दोघी रडत होतो, ती हसून आणि मी दुखून. लांब केसांना ती टोपी अजिबात नको.

---

कात्री_कंगवा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

सिंहगड रोडला चौदा वर्षं पार्लर चालवलं, आता बंद केलंय, त्यामुळे माझं गिऱ्हाईक पळतंय असं समजू नका. घरी करता येतं. पण तुझ्या पोस्टमधली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कढई. त्यावर आधी बोलू, मग फॉइल-बिइल.

मेंदीचा रंग केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, घट्ट चिकटतो, धुऊन जात नाही, नुसता वाढून खाली सरकतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. दोन वर्षं मेंदी बंद, म्हणजे मुळापासून २४ ते ३० सेंमी केस तुझे स्वतःचे. त्याखालचे सगळे मेंदीचे. आत्ता शिवणाची टेप घे, कानापासून टोकापर्यंत मोज आणि इथे सांग.

तोवर काहीही विकत आणू नकोस. जांभळा शाम्पू कुणी आणायला सांगितला?

---

टेकडीवाली | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

कानापासून ४१ सेंमी. शाम्पू व्हिडिओतल्या बाईने सांगितला. तिचे केस शेवटी राखाडी-सोनेरी झाले होते.

---

कात्री_कंगवा | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

त्या बाईचे केस सुरुवातीला कुठल्या रंगाचे होते ते परत एकदा बघ.

काळा केस ब्लीच केला की एकदम सोनेरी होत नाही. आधी तांबूस, मग विटकरी, मग केशरी, मग पिवळा, आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. राखाडी छटा चढते ती त्या शेवटच्या पायरीवर. तू घरी एका बैठकीत केशरीपर्यंत पोचशील, फार तर केशरी-पिवळ्यापर्यंत. तिथेच थांबायचं आणि त्यावर टोनर, म्हणजे ब्लीचनंतर छटा सुधारणारा हलका रंग, देऊन कॅरॅमल करायचं. आपल्या रंगाला तेच शोभतं, हे माझं मत. ज्यांना प्लॅटिनम हवं त्यांनी साडेसात हजार द्यावेत, तेही कमीच आहेत.

---

रंगपेटी | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

शाळेत इलेमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला रंगचक्र काढलं होतं ना, ते आठवा. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. पिवळ्यासमोर जांभळा, केशरीसमोर निळा, लालसमोर हिरवा. म्हणून जांभळा शाम्पू पिवळ्या केसांसाठी. केशरी केसांना निळा लागतो. पांढऱ्या सदऱ्याला नीळ देतो तो हाच प्रकार, डाग जात नाही, डोळ्यांना दिसेनासा होतो.

थोडक्यात, शाम्पू परत करून या. (पावती असेल तर. आणि दुकानदाराचा मूड असेल तर.)

---

रसायनी | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

रसायनशास्त्र शिकवतो, केसांचा अनुभव शून्य. तरी कढईबद्दल लिहायलाच हवं.

लोखंडी कढईत मेंदी आणि चहा एकत्र भिजले की कढईतलं लोह आणि चहातलं टॅनिन मिळून काळपट संयुग तयार होतं. जुन्या काळी लिहायची शाई याच तत्त्वावर करायचे. (निळी_शाई, तुम्ही नव्हे, काळी.) आईंना गडद रंग मिळायचा तो यामुळे. आता गंमत अशी की ब्लीचमध्ये असतं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि लोह पेरॉक्साइडचं विघटन भराभर घडवून आणतं. त्यात उष्णता बाहेर पडते. केसात लोह कितपत उरलंय हे कागदावर सांगता येणार नाही, म्हणून बट कापून चाचणी करा. बाजारच्या काही मेंद्यांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या पाण्यांत धातूंचे क्षार असतात, तिथे धोका जास्त. धातूचं भांडं आणि चमचाही नको, कारण तेच.

डेव्हलपर म्हणजे ब्लीचच्या पावडरीत कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण. त्याच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. पेरॉक्साइडच्या टक्क्यांत सांगायचं तर ३, ६, ९ आणि १२. पावडरीत असतात परसल्फेटं. ती पेरॉक्साइडच्या जोडीने केसातल्या मेलॅनिनची, म्हणजे काळ्या रंगद्रव्याची, मोडतोड करतात. पावडर उडून श्वासात जाऊ देऊ नका. परसल्फेटमुळे केशकर्तनकारांना दमा होतो, ही वैद्यकाला चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना तेवढा वेळ बाहेर पाठवा.

अवांतर: हायड्रोजन पेरॉक्साइड तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली शोधलं. त्याच वर्षी इकडे पेशवाई बुडाली. दोन्हींचा संबंध नाही.

---

ताकभात | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:४४

काळी मेंदी म्हणून पुडी मिळते ती लावली असेल तर? विचारतेय मैत्रिणीसाठी.

---

कात्री_कंगवा | ९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मैत्रिणीला सांग, 'काळी मेंदी' बहुतेक वेळा मेंदी नसतेच, पीपीडी नावाचं रसायन असलेला डाय असतो. मेंदीचा रंग तांबूस, पुडीने केस काळे झाले की समजायचं आत दुसरं काहीतरी आहे. तिनेही आधी बट चाचणी करावी. आणि पीपीडीची अ‍ॅलर्जी वाईट असते, डोळे सुजून बंद होतात, म्हणून कुठलाही रंग लावण्याआधी ४८ तास कानामागे थेंबभर लावून बघायचं. दर वेळी. 'मागच्या वेळी काही झालं नव्हतं' हे मी ज्यांच्याकडून ऐकलं त्यातल्या दोघींना स्वतः रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलंय.

टेकडीवाली, ४१ मधले वरचे २४ ते ३० तुझे, खालचे किमान ११ मेंदीचे. बट चाचणीत ते दिसेलच. मानेवरची आतली बट घे, उदबत्तीच्या काडीएवढी, मुळाशी कापून, वरच्या टोकाला चिकटपट्टी.

---

टेकडीवाली | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

चाचणी केली! सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हे बघताना फार मजा आली.

सामान रविवार पेठेतून आणलं, पार्लरवाल्यांना होलसेल देणाऱ्या दुकानातून. पावडर, २० व्हॉल्यूमची बाटली, ब्रश, प्लास्टिकची वाटी, हातमोजे. मी ४० मागितलं असतं तर दुकानदाराने निमूट दिलं असतं. माझ्या पाकिटावर एकास दोन प्रमाण होतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घेतलं. कालवल्यावर घट्ट दह्यासारखं झालं, रंग फिकट निळा, वास असा की लेक खोलीतून पळाली.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर बट आडवी ठेवली, ब्लीचने माखली आणि हातमोज्यातलं बोट वर ठेवून बसले. गरम होतंय का, वाफ येतेय का. काही नाही. हुश्श. दर पाच मिनिटांनी ओल्या कापसाने थोडी पुसून बघत होते. दहा मिनिटांनी वरचा भाग तपकिरी. वीस मिनिटांनी विटकरी. पस्तीस मिनिटांनी चक्क पिकलेल्या पपईच्या सालीसारखा.

आणि खालचा भाग? पस्तीस मिनिटांनीही जुन्या विटेसारखा लालच. मधे जिथे मेंदी संपते तिथे रेघ मारल्यासारखी हद्द. टेप लावली, वरचा भाग २७ सेंमी. कात्री_कंगवा ताई, तुम्ही घरी बसून अंदाज केलात तो बरोब्बर मधे!

आता काय? असेच केले तर अर्धी बट पपई आणि अर्धी वीट दिसणार.

---

कात्री_कंगवा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अर्धी वीट कापून टाक. मेंदीच्या भागाशी भांडत बसलीस तर दोन-तीनदा ब्लीच करावं लागेल, आणि तिथले केस सगळ्यात जुने, म्हणजे आधीच थकलेले. असा केस ओला असताना ताणला की रबरासारखा लांबतो आणि परत येत नाही, ती अवस्था मी पाहिलीय. त्यापुढे नुसती कात्रीच.

खांद्यापर्यंत काप. कापायचे साडेतीनशे देऊन मोकळी हो, ते घरी करू नकोस.

---

टेकडीवाली | १२ नोव्हेंबर, रात्री १०:११

आईला कोण सांगणार?

---

निळी_शाई | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१३

तिच्या कढईने घोळ केलाय, तिलाच सांग.

---

मुळामुठा | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

धाग्यात घुसतेय. बाणेरला राहते, आमच्याकडे अर्धं वर्ष टँकर. पार्लरमधून केलेले हायलाइट्स दोन महिन्यांत गंजल्यासारखे झाले. आणि मुलीचे, तिने नुसती टोकं ब्लीच केली होती, पोहायला जाऊन हिरवट झाले. क्लोरीनमुळे का?

---

रसायनी | १४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

हिरवा रंग तांब्याचा. तलावात शेवाळ होऊ नये म्हणून मोरचूद किंवा तत्सम तांब्याचे क्षार टाकतात. ब्लीच केलेला केस सच्छिद्र, त्यात तांबं जाऊन बसतं, क्लोरीन त्याला मदत करतं इतकंच. पाण्यात उतरण्याआधी केस नळाच्या पाण्याने चिंब भिजवून वर टोपी घालायला सांगा. भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तेही असंच केसात बसतं.

---

कात्री_कंगवा | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मुळामुठा, दोन कारणं असू शकतात. टँकरचं पाणी हे एक. दुसरं म्हणजे टोनर चार-सहा आठवड्यांत धुऊन जातो आणि खालचा मूळ केशरी वर येतो. ते पाण्याच्या माथी मारू नकोस. परत टोनर दे, किंवा आठवड्यातून एकदा निळा शाम्पू. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घे.

टेकडीवाली, फॉइलचं आता नीट वाच.

दोन दिवस केस धुऊ नकोस, टाळूचं तेल राहू दे, ते आग होण्यापासून वाचवतं. आदल्या रात्री केसांना थोडं खोबरेल लावलंस तरी चालेल. ते केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनं कमी झिजतात. पण थापू नकोस. शेपटीच्या कंगव्याने पातळ पापुद्रा उचलायचा, तीन-चार मिलिमीटर, त्यातून शेपूट वरखाली नेत टाका घातल्यासारखी विणायची. वर आलेल्या बटा फॉइलवर, खालच्या सोडून द्यायच्या. पांढरे केस फॉइलमध्ये घेऊ नकोस, त्यांच्यात उडवायला रंगच नाही. त्यांच्या आजूबाजूचे काळे घे, म्हणजे पांढऱ्यांचं एकटं पडणं थांबतं.

फॉइलची वरची कड बोटभर दुमडून घे, ती दुमड टाळूला टेकवायची. ब्लीच दुमडीच्या एक सेंमी खालून सुरू. मुळाशी डोक्याची ऊब असते, तिथलं ब्लीच दुप्पट वेगाने धावतं, म्हणून आधी मधला भाग आणि टोकं, मुळाकडे शेवटी. हात आखडू नकोस. ब्लीच वाळलं की काम बंद. आणि पोळ्या गुंडाळायची पातळ फॉइल घसरते, पार्लरची जाड घे.

पहिल्यांदाच करतेस, तर आठ ते दहा फॉइल, बास. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना आणि भांगाच्या कडेला. मागे हातच लावू नकोस, स्वतःच्या मागचं कुणालाही दिसत नाही. दर दहा मिनिटांनी एक फॉइल उघडून बघ. पाकिटावरची कमाल वेळ ओलांडायची नाही, केशरी असो की नसो. वरून ड्रायर मारू नकोस.

---

शंकासुर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

हे वाचून मला आमच्या घराच्या वॉटरप्रूफिंगची आठवण झाली. तेही दुमडून, एक सेंमी सोडून, वाळू न देता. तरी गळलं.

---

टेकडीवाली | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०

गळलं, काका.

सुरुवातीपासून सांगते. शुक्रवारी केस कापले. गुरुवारी रात्री टोनरचा थेंब कानामागे लावला होता, काही झालं नाही. आज सकाळी नवऱ्याला मंडईत पाठवलं, बाथरूमची खिडकी उघडली, जुना गाऊन, कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन. लेक आरसा धरायला, तिचा मोबदला एक वडापाव ठरला.

पहिल्या दोन फॉइलना वीस मिनिटं लागली. हात वर धरून खांदे भरून येतात हे कुणी सांगितलं नव्हतं. चौथीपासून हात बसला. विणायला सोपं जातं, भरतकामाचा हात असेल तर आणखीच. पण तोवर पहिली फॉइल अर्ध्या तासाची झाली होती आणि शेवटची नुकती लावलेली, हा हिशोब मी केलाच नव्हता! मग प्रत्येक फॉइलवर मार्करने वेळ लिहिली आणि त्याच क्रमाने बेसिनवर एकेक उघडून कोमट पाण्याने धुतली.

नऊपैकी आठ छान. पपईच्या सालीच्या किंचित अलीकडे. त्यावर निळ्या अंगाचा टोनर वीस मिनिटं, आणि खरंच, केशरी बसलं आणि गुळाच्या ढेपेसारखा रंग आला. कानशिलावरचे पांढरेही त्या टोनरने थोडे तिकडे झुकलेत, आता शोधावे लागतात.

नववी भांगाजवळची. ती घसरली. मुळाशी रुपयाच्या नाण्याएवढा केशरी डाग, अगदी भांगात, जिथे कुंकू भरतात तिथे. सासूबाई म्हणाल्या, लांबून सवाष्णीसारखंच दिसतंय, राहू दे.

खर्च अकराशे, जांभळा शाम्पू धरून. त्याने परत घेतला नाही.

---

कात्री_कंगवा | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

घाबरू नकोस, डाग रोजचाच. आज काही करू नकोस, टाळूला आराम दे. आठवड्याने तुझ्या मूळ रंगापेक्षा एक छटा उजळ, असा गडद तपकिरी डेमी-परमनंट (हळूहळू धुऊन जाणारा रंग) घे, सोबत १० व्हॉल्यूम किंवा त्याच कंपनीचा हलका डेव्हलपर. कानामागची चाचणी याचीही वेगळी करायची. जुन्या टूथब्रशने फक्त डागावर लाव, दहाव्या मिनिटाला पुसून बघ. एकदम काळा घेऊ नकोस, भांगात शाई सांडल्यासारखं दिसेल.

उरलेलं ब्लीच कुठाय? झाकण लावून ठेवलं नाहीस ना? त्यातून वायू सुटत राहतो, डबा फुगून फुटतो.

---

टेकडीवाली | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१७

श्रीखंडाच्या डब्यात. झाकण लावून. बाल्कनीत. आलेच.

---

टेकडीवाली | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२६

झाकण उडून कुंडीत पडलं होतं. तुळस वाचली. बाल्कनीची एक फरशी फिकट झालीय.

---

ताकभात | २६ नोव्हेंबर, रात्री ९:००

डागाचं काय झालं? आणि आई?

---

टेकडीवाली | २६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

डाग गेला, आठ मिनिटांत. ताईंनी सांगितलं तसंच, टूथब्रशने. उजेडात मला दिसतो, बाकी कुणाला नाही.

आई रंगाबद्दल चकार शब्द बोलली नाही. लांबी बघून मात्र गप्प झाली. मग कापलेले केस कुठे टाकलेस विचारलं. मी ती चाचणीची बट जपून ठेवली होती, ती दाखवली. तिने ती खिडकीपाशी नेली, मेंदीचा लाल भाग बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "बघ, किती पक्का बसला होता." कढईचं काही मी काढलंच नाही.

केस कोरडे झालेत हे खरं. शाम्पू आठवड्यातून दोनदाच, धुण्याआधी तासभर खोबरेल. कंगवा ओल्या केसांत घालत नाही.

---

ताकभात | २६ नोव्हेंबर, रात्री ९:४१

मी ठरवलंय. येत्या रविवारी माझ्या मागच्या बाजूच्या फॉइल तू लावशील का? एरंडवण्यातच राहते, साबुदाण्याची खिचडी करीन.

---

टेकडीवाली | २६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

येते. क्लिपा तू आण, माझ्या दोन तुटल्या. ब्लीच अर्धं पाकीट उरलंय, कोरडी पावडर आहे, चालेल. पण त्याआधी बट कापून चाचणी, आणि त्या 'मैत्रिणी'ने काळी मेंदी शेवटची कधी लावली होती ते खरं सांग.

---

ताकभात | २६ नोव्हेंबर, रात्री ९:५८

दसऱ्याला.

---

कात्री_कंगवा | २६ नोव्हेंबर, रात्री १०:०१

खिचडी खाऊन या नुसती.